गुलमंडीवर तू हाक मारली नाहीस

विजू, तुझ्या घरी बसवत नाही म्हणून उठून माझ्या घरी येते, आणि इथंही बसवत नाही म्हणून पुन्हा चपला पायात घालते. आपल्या दोन खोल्यांच्या केंद्रावर जावं, तर तिथं तुझ्या खोलीचं दार. उघडं ठेवलं तर तुझी वेताची खुर्ची दिसते. लावून घेतलं तर आत तू कुणाशी तरी बोलत असशील असं वाटून माझाच आवाज खाली येतो. सध्या ते अर्धवट लोटून ठेवलंय. माणूस गेल्यावर मागच्यांनी कसं सावरावं, हे आपण दोघी समुपदेशक इतकी वर्षं लोकांना समजावत आलो, आणि आता मला साधं एका जागी बूड टेकवता येत नाही. परवा तुझ्या दिलीपरावांनीच मला म्हटलं, "नीलाताई, घडीभर बसा हो तुम्ही." ज्याची बायको गेली तो माणूस मला बसा म्हणतो. मी बसले, आणि चहा अर्धा टाकून उठले.

हे लिहितानाही कितीदा उठलेय. एकदा गॅस बघायला, एकदा गॅलरीतले कपडे काढायला. कपडे तर सकाळीच काढून झाले होते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "नीले, तुला लई घाई असती बघ. दुःखालाबी तू मुदत घालतीस." हो, घालते. कधी संपणार हे कुणी सांगितलं तर मला बरं वाटेल.

त्या दिवशी तुमच्या भागात पाणी यायचा दिवस होता. म्हणून दिलीपराव घरी थांबले आणि तू भाचीच्या साखरपुड्यासाठी घेतलेल्या साडीला फॉल आणायला एकटीच गुलमंडीवर गेलीस. भर उन्हात एका बंद दुकानाच्या पायरीवर तू बसलीस. शेजारच्या बांगडीवाल्याला वाटलं, बाई दमल्या असतील. मग तू कलंडलीस. त्यानं आणि रस्त्यातल्या माणसांनी मिळून तुला रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे आणि ते मला लिहायचं नाही.

दिलीपरावांचं मात्र एकाच ठिकाणी अडकून बसलं होतं. तू कशानं गेलीस ते त्यांनी डॉक्टरांकडून समजून घेतलं होतं. थोडं आधी नेलं असतं तर वाचली असती असं छातीठोक सांगता येणार नाही, हे डॉक्टरांचं बोलणंही त्यांनी ऐकलं होतं. पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच विचारायचे. "गुलमंडीवर निम्मं गाव आपल्या ओळखीचं. तिला एकबी ओळखीचं माणूस दिसलं नसंल का हो?" सिंचन खात्यात उभा जन्म काढलेला माणूस, आणि पाणी भरायला घरी राहिलो म्हणून स्वतःला कोसत होता. टँकर मागवला असता तर काय बिघडलं असतं, असं भिंतीला विचारायचा. लोक खाली बघायचे. मीही बघायचे. आणि मग एक दिवस असा आला की त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला कळलं, आणि ते मला देता येईना.

थांब, मी पुढं पळतेय. तू मला हेच म्हणायचीस, की गोष्टीचा शेवट आधी सांगून मोकळी होतेस.

तू कोण होतीस हे लोकांना सांगायचं म्हटलं की पंचाईत व्हायची. तुझ्या पाटीवर 'एकात्मिक समुपदेशक' असं लिहिलेलं. ते वाचून एक बाई एकात्मिक बालविकासवाल्या अंगणवाडीची भरती इथंच आहे का, असं विचारत जिना चढून वर आली होती. तू तिला परत पाठवायच्या आधी पाणी दिलंस, कुठून आलात म्हणून विचारलंस, आणि ती तासभर रडून गेली. भरती राहिली बाजूला. बाहेरच्या बाकावर बसून मी माझं घड्याळ बघत होते, कारण पुढची वेळ माझ्या माणसाची होती आणि आपल्याकडे पाण्याचा माठ एकच, तो तुझ्या खोलीत.

एकात्मिक म्हणजे काय, तर तू कुठल्याच एका पद्धतीला बांधलेली नव्हतीस. कुणाला मनातले विचार तपासून बघायला शिकवायचीस, कुणाला श्वासाकडे लक्ष द्यायला लावायचीस, कुणाचं बोट धरून पार बालपणापर्यंत जायचीस. आणि पुष्कळांना नुसता आधार द्यायचीस. तुझ्याकडे येणारी माणसं मोठी, कर्ती. घर चालवणारी, हाताखाली चार माणसं असलेली, चारचौघांत कधी डोळ्याला पाणी न आणणारी. त्यांना बरं करायचा तुझा हट्टच नसायचा. "पडू द्यायचं नाय, एवढंच आपलं काम," म्हणायचीस. मला ते पटायचं नाही. माझ्याकडे कसं, उद्दिष्ट ठरवा, बैठका ठरवा, माणूस पायावर उभा करा आणि निरोप द्या. तू माणसं वर्षानुवर्षं धरून ठेवतेस, त्यांना तुझी सवय लावतेस, असं मी तुला तोंडावर म्हटलंय. तू चिडायचीसुद्धा नाहीस. "तू अजून माहेरी जातीस का न्हाय? मग त्याला काय सवय म्हणायचं का?" यावर माणसानं बोलायचं काय.

आणि तुझा तो शेवटचा प्रश्न. समोरचा माणूस कितीही रडला, कितीही खोल गेला, तरी उठायच्या आधी तू त्याला विचारणार, आज घरी गेल्यावर जेवायला काय? मला लोटलेल्या दारातून ऐकू यायचं. मेथी, पिठलं, कालचाच भात. मी तुला म्हणायचे, हे मानसशास्त्र आहे की भाजीमंडई? तू म्हणायचीस, विहिरीत उतरवलेल्या माणसाला वर काढून मगच दोर सोडायचा असतो. फुलंब्रीच्या मळ्यात वाढलेली बाई तू, तुला विहिरीच आठवणार.

पण आपलं सगळ्यात जास्त वाजलं ते तुझ्या त्या नियमावरून. केंद्राबाहेर कुठंही भेट झाली तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. समोरच्यानं दाखवली तर बोलायचं, नाही तर आपण परके. नियम आपल्या व्यवसायाचाच, मलाही शिकवलेला. मी तो सोयीनं पाळते. तू सोवळ्यासारखा पाळायचीस. तुझ्या पुतण्याच्या लग्नात नवरीकडची एक पाहुणी तुझ्याकडे येणारी निघाली. कुणीतरी तुमची ओळख करून दिली. तुम्ही दोघींनी जन्मात पहिल्यांदा भेटल्यासारखा नमस्कार केला, एकमेकींना हळदीकुंकू लावलं, आणि ती तुला विचारते, तुम्ही काय करता? तू म्हणालीस, घरीच असते. मागं उभं राहून मी पदर तोंडात कोंबला.

मी तुला कितीदा सांगितलं, हा नियम मोठ्या शहरांतला आहे, जिथं कुणी कुणाकडे बघत नाही. आपल्याकडे एखाद्याला बघून मान फिरवली तर लोक समजतात की यांचं काहीतरी बिनसलंय, आणि मग चौकशा वाढतात. झाकायला जावं तर उलट उघडं पडतं. शिवाय तुला सगळे गर्विष्ठ म्हणायचे, ते मला ऐकून घ्यावं लागायचं. तुझं एकच. "ओळख दाखवायचा हक त्यांचा हाय, आपला न्हाय." मी विचारलं होतं, हे त्यांना नीट सांगतेस तरी का? तू म्हणालीस, सांगते की, पहिल्याच दिवशी. विजू, पहिल्या दिवशी माणूस इतका भेदरलेला असतो की त्याला त्याचं नाव विचारलं तरी आठवावं लागतं. त्याच्या कानात काय शिरलं आणि काय बाहेर राहिलं, याचा हिशोब कोण ठेवतो? हे मी तुला म्हटलं होतं आणि तेवढ्यात तुझा फोन वाजला. ते भांडण तिथंच राहिलं.

तू गेलीस आणि तुझी माणसं मात्र आपापल्या वारी, आपापल्या वेळेला येत राहिली. फोन करून कळवावं, तर कुणाच्या घरी कोण उचलेल याचा नेम नाही. दारावर कागद चिकटवावा, तर एवढा जिना चढून आल्यावर ते वाचायचं त्यांच्या नशिबी का यावं? म्हणून मी बाहेरच्या बाकावर बसून राहायचे, आणि येईल त्याला आत नेऊन सांगायचे. फुलंब्रीहून बसनं येणारे ते गृहस्थ, ज्यांना तू कधी सोडणार म्हणून मी तुला सतत टोकायचे, त्यांना सांगितलं. "व्हय का," म्हणाले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग विचारलं, "माझा टाइम हाय तंवर बसू का?" बसले. मी समोर बसले. दोघंही एक अक्षर बोललो नाही. वेळ झाल्यावर ते उठले, पुढच्या आठवड्याला येतो म्हणाले आणि गेले. तू गेल्यापासून मी कुठं अख्खा तास एका जागी बसले असेन तर तो एवढाच. तुझ्या माणसानं मला बसवलं.

आणि मग ती आली. तिचं नाव मी देणार नाही, तू दिलं नसतंस. हे लिहायला तिनंच सांगितलंय, "नाव गाळा, बाकी लिवा" म्हणून. तरी मी थोडं इकडचं तिकडं केलंय, ते फक्त तिला आणि मला कळेल. चाळिशी ओलांडलेली, एकत्र कुटुंबातली थोरली सून. तुझ्याकडे येताना घरी दातांच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगायची. दातांचं काम इतकं लांबलं की धाकटी जाऊ एकदा म्हणाली म्हणे, बाई, एवढ्यात नवी बत्तिशी उगवली असती.

तिला सांगावं लागलं नाही. तिला ठाऊक होतं. ती दारातच उभी राहिली. मी बसा म्हटलं तरी बसेना. म्हणाली, "मॅडम माझ्यामुळं गेल्या का हो?"

त्या दिवशी ती जावेबरोबर गुलमंडीवर होती. समोरच्या बाजूला पायरीवर तू बसलेली तिला दिसलीस. तोंड घामानं निथळत होतं, एक हात छातीशी. तुमची नजरानजर झाली. तू तिच्याकडे बघितलंस, मग तिच्या शेजारच्या जावेकडे बघितलंस, आणि तोंड शटरकडे फिरवलंस. "मला वाटलं, मॅडम नियम पाळायल्यात. बाहेर वळख दाखवायची न्हाय म्हणून त्यांनीच सांगितलं होतं की. मग मीबी पाळला." ती पुढं गेली. पुढं तिचा जीव लागेना. जावेला पुढच्या एका दुकानात बांगड्यांचा भाव करायला सोडून ती माघारी पळत आली, तेव्हा रिक्षा निघालेली. पायरीवर कुणी नव्हतं. तिनं बांगडीवाल्याला विचारलं, कोण होत्या? तोही हळहळत होता. "पता नई बाई. अकेल्ली थी बिचारी."

तुला इतकी जवळून ओळखणारी बाई भर बाजारात तू कोण होतीस असं विचारत होती, आणि एकटी होती असं उत्तर घेऊन घरी गेली. विजू, मला तुझा इतका राग आला. तिच्यासमोर नाही, ती गेल्यावर. तुझी खुर्ची मी भिंतीकडे तोंड करून ठेवली, एखाद्या वांड पोराला शिक्षा करावी तशी. छातीत कळ आली आहे, समोर ओळखीचं माणूस आहे, आणि तू त्याची झाकली मूठ सांभाळत बसलीस? एक हाक. अगं, नावानंसुद्धा नको, नुसतं "ओ बाई" म्हटलं असतंस तरी ती आली असती. जाऊ काय म्हणाली असती? काय आभाळ कोसळलं असतं? स्वतःची काळजी आधी घ्यायची, हे तू लोकांच्या गळी उतरवायचीस. तुला ते कुणी सांगायचं? आणि मग दुसरा विचार यायचा तो आणखी वाईट. तू तिला ओळखलंच नसशील. तुझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली असेल, मान आपोआप वळली असेल, आणि आम्ही दोघी त्याला नियम म्हणत बसलो असू. हे मला कधीच कळणार नाही असं वाटायचं. रोज सकाळी मी एक बाजू घ्यायचे आणि संध्याकाळी दुसरी.

तिनं विचारलेल्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं, हे तुला ऐकायचं असेल. जिभेवर आलं होतं, छे हो, तुमचा काय दोष. पण तुझं बोलणं आडवं आलं. लगेच नाही म्हणू नको, नाही म्हटलं की माणूस मनातलं तिथंच मिटून घेतो, असं तू मला बजावायचीस आणि मी तुला उपदेश नको म्हणायचे. मी म्हणाले, "मला माहीत नाही. बसा." तेव्हा ती बसली. खूप वेळ नुसती हुंदके देत राहिली. घरी जायच्या अवस्थेत नव्हती, आणि घरी गेल्यावर डोळे का सुजले याचं उत्तर दातांच्या डॉक्टरवर किती दिवस ढकलणार? आणि मी माझ्याच तोंडून ऐकलं, "आज जेवायला काय करणार?" तिनं डोळे पुसले. म्हणाली, पिठलं. भाकरी ज्वारीची की बाजरीची, असं मी विचारलं. ज्वारीची, म्हणाली, आणि तिचे हुंदके थांबले. मान्य, विजू. भाजीमंडई हा शब्द मी मागे घेते. तू होतीस तेव्हा घ्यायला हवा होता.

त्यानंतर तुझ्या घरी जाणं म्हणजे शिक्षा झाली. दिलीपराव तोच प्रश्न विचारत राहिले, आणि मी उठून स्वयंपाकघरात जायचे, उगाच भांडी लावायचे. एक वाक्य. त्या एका वाक्यानं त्यांचा जीव थंडावला असता किंवा होरपळला असता, सांगता येत नाही. पण ते वाक्य माझं नव्हतं. तिनं ते तुझ्या खोलीत ठेवलं होतं. माझा स्वभाव तुला माहीत आहे, माझ्या पोटात तीळ भिजत नाही. घरी येऊन मी येरझारा घालायचे. एकदा तर त्यांना फोन लावला, आणि त्यांनी उचलल्यावर पाणी आलं का म्हणून विचारलं. ते बिचारे म्हणाले, उद्या येणार आहे.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली. या वेळी आपण होऊन बसली. म्हणाली, "नियम म्हणून गेले न्हाय, असं मी माझ्या मनाला सांगायले. ते अर्धंच खरंय. जाऊ संगं होती. मला भ्या वाटलं." मग तिनं विचारलं, मॅडमच्या मालकांना हे कळलंय का? मी म्हणाले, माझ्याकडून कळणार नाही. "मग कुणाकडून कळंल?" ती म्हणाली.

मला तिला हाताला धरून रिक्षात घालावंसं वाटत होतं. चला, आत्ता चला, त्या माणसाचा जीव टांगणीला लागलाय, असं सांगावंसं वाटत होतं. पण तिथं जायचं म्हणजे काय काय उघडं करायचं, ते मला दिसत होतं. घरात आपण का आणि कुठं जात होतो हे सांगायचं. तू बसलेली दिसलीस आणि आपण पुढं गेलो, हे तुझ्या नवऱ्याच्या तोंडावर सांगायचं. त्यानं दार दाखवलं असतं तर ती पुन्हा उभी राहिली नसती, आणि तिला धरायला तू नव्हतीस. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. मी काही सुचवलं नाही. हे मला किती जड गेलं, ते जगात फक्त तुला कळेल.

तेरावं होऊन गेलं, पाहुणे पांगले. एका दुपारी मी तुमच्याकडे होते. बेल वाजली. दार मी उघडलं, तर ती, आणि तिच्यामागं तिची जाऊ. माझ्याकडे बघून तिनं मान हलवली नाही. आत आली आणि उभ्या उभ्याच दिलीपरावांना म्हणाली, "मी मॅडमकडं यायची. मनाच्या दुखण्यासाठी. त्या दिवशी मी तिथं होते. त्यांनी मला बघितलं आन मी पुढं गेले."

दिलीपराव बघत राहिले. त्यांचा चेहरा मला वाचता येईना, विजू, आणि चेहरे वाचण्यावर माझं पोट आहे. ते बसा म्हणाले नाहीत. मला वाटलं, आता हा माणूस ओरडणार. तिची जाऊ दोन पावलं पुढं येऊन तिला खेटून उभी राहिली. जावेला तिनं घरातून निघतानाच सगळं सांगितलेलं होतं. जाऊ म्हणाली, "मला आधीच ठाऊक असतं तर मीच गेले असते की वो त्यांच्यापाशी. मला का सांगितलं न्हाय, एवढंच माझं म्हणणं हाय." हे ती दिलीपरावांना सांगत होती की जावेला, कोण जाणे.

दिलीपरावांनी थोरलीला विचारलं, "तिनं तुम्हाला वळखलं होतं का?"

याचं उत्तर मी इतके दिवस शोधत होते आणि तिच्याकडे कधी मागितलं नव्हतं.

ती म्हणाली, "व्हय. आधी माझ्याकडं बघितलं. नंतर हिच्याकडं. आन मग डोळ्यानं जा म्हणाल्या. मॅडम आत बसल्यावर बोलायच्या न्हाय तवाबी अशाच बघायच्या, काळजी करू नको म्हणल्यासारखं. मला वळखलं त्यांनी."

दिलीपराव म्हणाले, "म्हणजे ओळखीचं माणूस दिसलं तिला." मग पुन्हा एकदा तेच, हळू आवाजात, स्वतःशी. आणि मग ते रडले. तू गेल्यापासून त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्या दोघी जावा खाली जमिनीवर बसल्या. मी आत चहा टाकायला गेले आणि ओट्याला टेकून मीही रडले. चहा उतू गेला. नंतर दिलीपरावांनीच तिला म्हटलं, भाचीच्या साखरपुड्याला या, ती साडी तशीच पडलीय, फॉल लावायचा राहिलाय. जाऊ म्हणाली, आणा इकडं, मी लावते.

त्यांना सोडायला मी जिन्यापर्यंत गेले. जाऊ साडीची पिशवी घेऊन पुढं उतरत होती. थोरली मागं थांबली. आता तुमच्याकडे येत जाईन म्हणाली. मग जरा घुटमळून विचारलं, "बाहेर कुठं दिसलात तर कसं करायचं?"

मी म्हणाले, "मला हाक मारा. तुम्ही नाही मारली तर मी मारीन."

ती हसली आणि खाली उतरून गेली.

विजू, मी तुझा नियम मोडलाय. तिला न विचारता मोडलाय, तिच्या हक्कावर गदा आणलीय, जे जे तू म्हटलं असतंस ते सगळं मला माहीत आहे. तरी मी तो पाळणार नाही, आणि तू हाक मारायला हवी होतीस हेही मागे घेणार नाही. त्यावर तू काहीतरी बोलली असतीस आणि मी निरुत्तर झाले असते. आता भांडायला तू नाहीस, आणि एकटीनं भांडण जिंकण्यात काही राम नाही.